मागताना काय सांगितलं होतं?

वर्गणीचे हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सोलापुरात मंडळांना तोटा नाही. गणपती, नवरात्र, जयंत्या, समाजाची मंडळं, वाचनालयं. ऑडिटच्या दिवसांत नवी पेठेतल्या आमच्या ऑफिसात पावतीपुस्तकांचे गठ्ठे पडलेले असतात आणि त्यांतल्या निम्म्या स्थळप्रतींवर कार्बन उमटलेलाच नसतो. लोकांना वाटतं, अशा हिशेबांत पैसे खाल्ल्याचीच प्रकरणं जास्त असणार. तसं नसतं. खाणारे थोडे. पैसे कशासाठी मागितले होते हेच विसरून गेलेले मात्र ढिगानं.

त्या दिवशी आलेली जोडी मंडळवाल्यांपैकी नव्हती. एक निवृत्त शिक्षक आणि पंचविशीचा एक मुलगा. मुलाचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. मध्येच आईचा फोन आला तेव्हा तो तेलुगूत बोलला आणि ठेवून पुन्हा मराठीत सुरू झाला. हे दोघं आणि आणखी चार जण मिळून जुन्या मराठी गाण्यांची माहिती देणारी साइट चालवतात. गाणी ऐकवत नाहीत. गाणं कुठलं, कवी कोण, चाल कुणाची, तबकडीचा क्रमांक काय, एवढंच. सरांनी आपली वही दाखवली. ७८ आरपीएमच्या तबकड्यांचे क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, लेबलचा रंग, आणि समासात पेन्सिलीनं ‘ही बाजू तडकलेली, नाव नीट वाचता येत नाही’. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण नोंद कशी ठेवावी ते कळतं. अशी वही आमच्या एकाही मंडळाच्या खजिनदाराकडे नाही.

प्रश्न पैशांचा होता. साइटच्या सर्व्हरचा वर्षाचा खर्च चाळीस हजारांच्या आत. चाहत्यांकडे साठ हजार मागितले, आले तीन लाखांच्या वर. सगळे मुलाच्या बचत खात्यात, कारण क्यूआर कोड त्याचाच होता. ‘यावर टॅक्स लागतो का?’ एवढंच विचारायला ते आले होते.

लागतो, आणि वाईट लागतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर विनामोबदला आले, की फक्त वरची रक्कम नव्हे, पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम खातेदाराच्या उत्पन्नात धरतात. पैसे साइटचे होते हे सिद्ध करायची जबाबदारी मग त्याच्याच गळ्यात. मुलगा म्हणाला, “पण मॅडम, पैसे माझे नाहीतच की.” मी म्हटलं, “खात्यावर नाव कुणाचं आहे?”

मग मी बँकेचं स्टेटमेंट वाचायला घेतलं. यूपीआयनं पैसे पाठवताना लोक खाली चार शब्द लिहितात, ते स्टेटमेंटात अर्धवट कापून येतात. ‘साइट बंद करू न’, ‘आईची आवडती गा’, ‘सर्व्हरसाठी’, ‘जुनं जपा’, एकानं नुसतंच ‘दूध’. बहुतेक आधीच्या व्यवहाराची सवय. ५१ रुपये, १०१ रुपये, मध्येच एखादे पाच हजार. एका ओळीपुढे ‘८०जी पावती द्या’ असंही होतं, म्हणजे देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी पावती. मुलानं त्या माणसाला ‘मिळेल’ म्हणून कळवून टाकलं होतं. संस्थेची नोंदणी नाही, प्राप्तिकर खात्याची मान्यता नाही, मग ८०जीची पावती देणार कशी? मी तिथे लाल खूण केली.

आणखी एक खूण अमेरिकेतल्या एका गृहस्थांपुढे. मूळचे सोलापुरातल्या बाळ्याचे, पंचवीस हजार पाठवलेले. पासपोर्ट कुठला, विचारलं. अमेरिकेचा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या कमाईतले पैसे पाठवतो तेव्हा ती विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं की ठरते, मग पैसे इथल्या खात्यातून रुपयांत आले तरी. सांस्कृतिक काम करणाऱ्यांना विदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय असे पैसे घेता येत नाहीत. सर म्हणाले, “अहो, तो आपला सोलापूरचाच माणूस!” प्रेमानं तो सोलापूरचा, कायद्यानं नाही. ते पैसे परत पाठवायचे ठरले.

इथवर सगळं नेहमीचंच होतं. नेहमीचं नव्हतं ते पुढे आलं.

सवयीप्रमाणे मी देणगीचं आवाहन मागितलं. मागताना जे लिहिलं जातं तोच माझ्या लेखी या व्यवहाराचा करार. बाकी कागद नंतरचे. मुलानं मोबाइलवर दाखवलं: ‘आठवडाभरात रक्कम जमली नाही तर ही साइट कायमची बंद होईल.’ शेजारीच सर्व्हरच्या बिलाची छापील प्रत पडली होती. त्यावर भरणा झालेला, मुदत पुढच्या मार्चअखेरपर्यंत. आवाहन होतं श्रावणातलं.

मी काही बोलले नाही, दोन्ही कागद सरांकडे सरकवले. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, पुन्हा वाचली. “बंद पडणार नव्हती?” ते मुलाला म्हणाले. स्टेटमेंटात त्यांचं नाव दोनदा होतं. पेन्शनमधून दोन हजार, आणि तीन दिवसांनी आणखी तीन हजार, कारण जमत नाही असं त्यांना वाटलं होतं.

मुलगा खोटारडा नव्हता. चिडला मात्र. “सर, गेल्या वर्षी खरं लिहिलं होतं ना? ‘मार्चमध्ये बिल भरायचंय, यथाशक्ती मदत करा.’ चार हजार आले. उरलेले मी भरले, कुणाला सांगितलंसुद्धा नाही. रात्री दोनला सर्व्हर झोपतो तेव्हा तुम्ही उठता का मी उठतो?” त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते मला खोडता येईना. घाबरवल्याशिवाय हात खिशाकडे जात नाही, हे मंडळवाल्यांनाही ठाऊक असतं. मात्र मंडळाचा कार्यकर्ता दारात उभा राहतो. त्याचं तोंड बघून माणूस ठरवतो किती विश्वास ठेवायचा, पुढच्या वर्षी जाबही विचारतो. साइटच्या चाहत्याला ती सोय नाही. नागपुरातल्या नाहीतर नाशिकातल्या माणसासमोर फक्त ती एक ओळ होती. ती खोटी निघाली तर त्यानं दिलेल्या ५१ रुपयांतला स्वेच्छेचा भाग कुठला आणि भीतीचा कुठला, हे ठरवायचं कसं?

वाढीव पैशांचे बेतही तयार होते. मुलाला महिना आठ हजार मानधन, थोड्या जाहिराती, आणि पुढे गाणीच चढवायची. मानधनाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. रात्रीचं काम करणाऱ्याला पैसे देण्यात पाप कसलं? पण साइटच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, ‘इथे कुणीही मानधन घेत नाही.’ आधी ते वाक्य काढा, देणगीदारांना कळवा, मग घ्या. उलट क्रमानं केलंत तर हिशेब चोख असूनही फसवणूकच.

गाण्यांचं प्रकरण वकिलाचं, तरी जुजबी माहिती मला होती. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६० सालच्या तबकडीवरचा २०२० अखेर संपला. पण शब्दांवरचा हक्क कवी गेल्यानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या शेवटापर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींचा २०६२ पर्यंत. तबकडी मोकळी झाली म्हणजे गाणं मोकळं झालं असं नाही.

मुलानं परदेशातले दाखले काढले. तिथे चाहते लाखो डॉलर जमवतात म्हणे. जमवतात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेच्या काही चाहत्यांनी स्वतःचा चित्रपट काढायला दहा लाख डॉलरच्या वर जमवले, त्या पैशांत स्टुडिओ थाटला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मालक कंपन्यांनी दावा ठोकला. त्याआधी वर्षानुवर्षं चाहत्यांच्या हौशी चित्रपटांकडे काणाडोळा चालला होता. पुढच्या वर्षी कंपन्यांनी नियमच काढले: एक भाग जास्तीत जास्त १५ मिनिटांचा, वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत, आणि काम करणाऱ्यांना मोबदला नाही. दुसरा दाखला त्याच्याच तोंडून आला आणि त्याच्याच विरोधात गेला. आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा साठवणारं एक मोठं संग्रहालय इंटरनेटवर आहे. ते चालवणारी ना-नफा संस्था २००७ साली निघाली. एक कंपनी चाहत्यांच्या लिखाणावर धंदा करू पाहत होती, त्या रागातून तिला जोर मिळाला. ते संग्रहालय आजही देणग्यांवर चालतं, जाहिरात एक नाही. “बघा,” मी म्हटलं, “त्यांनी आधी ठरवलं काय करायचं नाही, आणि मग मागितलं.”

सरांनी मध्येच सांगितलं, एक व्यापारी लाखभर द्यायला तयार आहे. अट एकच, चार-पाच गाण्यांच्या नोंदीत त्याच्या आजोबांचं नाव ‘संगीतसाहाय्य’ म्हणून घालायचं. तबकडीवर तसं काही नाही. सरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. त्यावर चर्चा करावी असं कुणालाच वाटलं नाही.

संध्याकाळी माझ्याच टेबलावर त्यांनी देणगीदारांना पत्र लिहिलं. मसुदा मुलाचा. ‘साइट त्या आठवड्यात बंद पडणार नव्हती. ती ओळ चुकीची होती, ती मी लिहिली.’ सरांना ‘आमच्याकडून लिहिली गेली’ असं मोघम हवं होतं. मुलगा अडून बसला. पुढे खर्च, शिल्लक, मानधनाचा विचार, आणि शेवटी: पैसे परत हवेत तर महिनाभरात कळवा, न कळवल्यास तीन वर्षांचा सर्व्हरचा खर्च बाजूला ठेवू, उरलेल्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. गप्प राहणाऱ्याची संमती फक्त सर्व्हरपुरती धरायची, मानधनाला नाही, ही दुरुस्ती माझी. दोघांना ती जाचक वाटली.

परत मागणारे थोडेच निघाले. एकानं चार कडक वाक्यं ऐकवली आणि पैसे साइटलाच राहू दिले. मानधनाला बऱ्याच जणांनी होकार कळवला, पण तो हप्ता अजून सुरू झालेला नाही, कारण आधी संस्था हवी, मग तिच्या नावाचं खातं. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात आणि हे सहाच. परवा दोघं कागद घेऊन आले आणि सातवी सभासद म्हणून मलाच गळ घालू लागले. मी म्हटलं, हिशेब जिनं तपासायचा तीच सभासद झाली तर तपासणार काय? मग सरांनी आपल्या सुनेचं नाव सुचवलं. माझ्या आधी मुलगाच म्हणाला, “नको सर, एका घरातले दोघं नकोत. लोक विचारतील.”