एक्स २३० कोअरबूट, भाग ४: दहा डंप, दहा चेकसम

लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स २३० लॅपटॉपवर मूळ बायोसच्या जागी कोअरबूट हे खुलं फर्मवेअर बसवायचं, त्या मालिकेचा हा चौथा भाग. अखेर जुळले. वरच्या, म्हणजे ४ एमबीच्या, चिपचे सलग पाच डंप (चिपमधल्या मजकुराच्या जशाच्या तशा फाइल) घेतले आणि पाचांचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलचा ठसा, एकच आला. त्याआधी दहा डंप घेतले होते, त्या दहांचे दहा चेकसम वेगळे होते. हा भाग जवळजवळ सगळा त्या दहांचा आहे. चिपवर अजून काहीही लिहिलेलं नाही. आजच लिहायचा बेत होता, तो बदललाय. का, ते खाली.

मांडणी मागच्या भागातलीच. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढलेले, काळी फिल्म उचललेली, बायोस साठवणाऱ्या दोन्ही एसपीआय चिप उघड्या. स्क्रीनच्या बाजूची ४ एमबी, आपल्या बाजूची ८ एमबी. ८ एमबीत सुरुवातीला डिस्क्रिप्टर (पुढच्या भागांच्या सीमांचा नकाशा), मग इथरनेटचा ८ केबीचा तुकडा (मॅक पत्ता यातच असतो, दुसऱ्याचा डंप उचलून टाकू नका), मग ५ एमबीपर्यंत इंटेलचं एमई (मॅनेजमेंट इंजिन, बायोसहून वेगळं फर्मवेअर). उरलेल्या ३ एमबीत बायोस शिरलेला आहे आणि तो पुढे ४ एमबीच्या चिपमध्ये संपतो. मुख्य बॅटरी, चार्जर आणि पिवळ्या वेष्टनातली सीमॉस बॅटरी, तिन्ही काढलेली.

चिपचं नाव वाचणं हेच आधी एक काम होतं. चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमला मॅक्रोनिक्सच्या ६४ मेगाबिट कुटुंबातल्या चिप सारख्याच दिसतात. तो तीन नावं समोर ठेवतो आणि नेमकी कोणती ते तुम्हीच सांगा म्हणतो. चिपवरची अक्षरं लेझरने कोरलेली, राखाडीवर राखाडी. बोटाला पांढरा खडू लावून चिपवर हलकेच फिरवला, टॉर्च एका बाजूने आडवी धरली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने तीनपट झूम केलं, की अक्षरं स्वच्छ उमटतात. ८ एमबीची निघाली एमएक्स२५एल६४०६ई, ४ एमबीची एमएक्स२५एल३२०६ई. खडूची पूड नंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायची, नाहीतर चिपचे पाय पकडणाऱ्या क्लिपच्या दातांखाली जाऊन बसते.

८ एमबीचे तीन डंप पहिल्या झटक्यात जुळले. त्यामुळे ४ एमबीचं काम पाच मिनिटांचं वाटलं होतं.

पहिला संशय क्लिपवर. प्रोग्रॅमरबरोबर (चिप आणि संगणक जोडणारा यूएसबी बोर्ड, इथे सीएच३४१ए) किटमध्ये येणारी निळी-काळी क्लिप म्हणजे लॉटरी असते. दातांची उंची एकसारखी नसते, आठांपैकी सहा टेकतात आणि दोन हवेत. मल्टिमीटरचं एक टोक चिपच्या पायाला, दुसरं क्लिपच्या वरच्या पिनेला लावून आठही तपासल्या. पाचवी आणि सहावी सरकलेली होती. सहावी म्हणजे क्लॉक, पाचवी म्हणजे चिपकडे जाणारा डेटा. पोमोना ५२५० लावली, आठही पिनांना पक्का बीप. लॅमिंग्टन रोडवर आख्खं किट चारपाचशेला मिळतं आणि नुसती ही क्लिप त्याच्या काही पट पडते, पण यात पैसे वाचवू नयेत. चेकसम तरीही जुळले नाहीत.

दुसरा संशय वीजपुरवठ्यावर. चिपच्या पिन ८ आणि ४ मध्ये डंप चालू असताना व्होल्टेज मोजलं: २.८८. या चिपला किमान २.७ लागतं, म्हणजे अगदी काठावर. कारण सोपं निघालं. प्रोग्रॅमर यूएसबी हबमध्ये होता आणि हब ४.६ व्होल्टच देत होता. सीएच३४१ए बोर्डवरच्या १११७ रेग्युलेटरला स्वतःसाठी सव्वा व्होल्टच्या आसपास फरक लागतो. ४.६ मधून ३.३ काढताना त्याच्या हातात काही उरत नाही, आणि इथे तर तो नुसती चिप नाही, मदरबोर्डची ३.३ व्होल्टची आख्खी लाइन ओढत असतो. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावल्यावर ३.२६ आले. वेगळे पडणारे बाइट कमी झाले, पण शून्य नाहीत.

इथेच काळ्या सीएच३४१एचा जुना रोगही बरा करून घेतला. बोर्ड चिपला ३.३ व्होल्ट देतो, पण सीएच३४१ए स्वतः ५ व्होल्टवर चालतो, म्हणून डेटा आणि क्लॉकच्या तारांवर ५ व्होल्ट जातात. पुष्कळांची चिप तरीही वाचते, म्हणून पुष्कळजण सोडून देतात. सोडू नका, त्या तारा पुढे थेट पीसीएचला, म्हणजे मदरबोर्डवरच्या इंटेलच्या मुख्य चिपला, जाऊन भिडतात. उपाय: सीएच३४१एचा पाय २८ सोल्डर गरम करून सुईने वर उचलायचा, तो आणि पाय ९ एका बारीक एनॅमल तारेने जोडायचे आणि ती तार रेग्युलेटरच्या ३.३ च्या पायाला. मग मोजायचं: क्लॉकच्या पिनेवर ३.३ च्या वर काही दिसता कामा नये. पाय उचलताना आडवा जोर लावला तर तो मुळाशी तुटतो. सरळ वर, सोल्डर वितळलेलं असतानाच. एका फटक्यात उचलला गेला, हा या भागातला पहिला आनंद.

चेकसम? दहावाही वेगळाच.

मग अंदाज बंद केले आणि डंपच उघडून पाहिले. दोन डंप सीएमपी या फाइलींची तुलना करणाऱ्या आज्ञेला दिले तर ४१,९४,३०४ बाइटांपैकी ४१,३०७ वेगळे. आकड्यातून काही कळत नाही, जागा पाहिल्या की कळतं. फरक इकडेतिकडे शिंपडलेले नव्हते, पट्ट्यापट्ट्यांत होते. प्रत्येक पट्टा कुठेही मधेच सुरू होत होता, पण संपत होता तो नेमका ४०९६ च्या पटीत. पट्ट्याच्या आतले बाइट बायनरीत काढले:

बरोबर: १०११००१० ११०००१११
आलेले: ०११००१०१ १०००१११…

नीट पाहा. डेटा बिघडलेला नाही, एक बिट सरकलाय. सुरुवातीचा १ गळाला आणि बाकी सगळं एक घर डावीकडे आलं. एसपीआयमध्ये क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला चिप एक बिट पुढे सरकते. प्रोग्रॅमरने एक ठोका दिला आणि चिपने दोन मोजले, तर एक बिट कोणी न वाचताच निघून जातो. चिप-सिलेक्ट (चिपला जागं करणारी तार) वर जाऊन पुढचं वाचन सुरू होईपर्यंत ती चूक पुढे पुढे चालत राहते. फ्लॅशरॉम सीएच३४१एवर ४०९६ बाइटांचे तुकडे वाचतो, म्हणून पट्टा तिथेच संपतो.

रिकाम्या जागेत, जिथे सगळे बिट १ असतात, हीच चूक दिसतही नाही. एक १ गळाला, मागून दुसरा १ आला. म्हणजे खरे चुकलेले तुकडे सीएमपीने दाखवले त्याहून जास्तच असणार.

एक ठोका दोन का मोजला गेला? तारेत क्लॉकची कड थरथरते म्हणून. क्लिपच्या रंगीत तारा २० सेंटिमीटरच्या, सगळ्यांत मिळून ग्राउंडची तार एकच, आणि तीही क्लॉकपासून लांब. त्यात दोन्ही चिप एकाच बसवर आहेत, म्हणजे क्लॉकचा सिग्नल क्लिपपाशी संपत नाही. दुसऱ्या चिपकडे आणि पीसीएचकडे जातो, तिथून आपटून परत येतो. ती उसळी पुरेशी मोठी असेल तर चिपला तो नवा ठोका वाटतो.

इथे एक मोह होतो, तोही सांगून टाकतो. दहा डंप आहेतच, तर प्रत्येक बाइटला बहुमत घ्यावं आणि अकरावा, शुद्ध डंप तयार करावा. होईल, आणि बहुधा बरोबरही असेल. पण लिहिताना आज्ञा आणि पत्ता याच तारेवरून जातात. पत्त्याच्या चोवीस बिटांत एक ठोका जास्तीचा पडला तर पान भलत्याच जागी लिहिलं जाईल. डंप बहुमताने जुळवता येतो, तार जुळवता येत नाही.

तारेवरचे उपाय एकेक करून केले, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. सहाही तारा ९ सेंटिमीटरला कापल्या: फरक २,११४ बाइट. क्लॉकच्या तारेभोवती ग्राउंडची दुसरी तार पिळून घेतली, दोन्ही टोकांना जोडून: २१२. मग क्लॉकच्या तारेत, प्रोग्रॅमरच्या टोकाला, ४७ ओहमचा रेझिस्टर मालिकेत: शून्य. पुन्हा घेतला, शून्य. पाच डंप, एक चेकसम. रेझिस्टर प्रोग्रॅमरच्याच टोकाला हवा, क्लिपच्या टोकाला लावून उपयोग होत नाही. १०० ओहमनेही शून्यच येतो, ते करून पाहिलं. बुधवार पेठेत असे शंभर रेझिस्टर एका वडापावाच्या आसपास मिळतात. त्यातल्या एकाने जे काम केलं ते महागड्या क्लिपने केलं नव्हतं. क्लिप तरीही हवीच.

८ एमबीची चिप आधी कशी वाचली गेली? ती बहुधा नशिबाने वाचली गेली. म्हणून तिचेही डंप नव्या तारांनी पुन्हा घेतले. जुन्या तिन्हींशी जुळले, पण न जुळते तर जुने तीन फेकून दिले असते.

चेकसम जुळला म्हणजे डंप खरा, असंही नाही. क्लिप चिपवर बसलेलीच नसेल आणि कुणी जबरदस्तीने वाचायला लावलं, तर सगळे बिट १ येतात आणि असे दहा डंप अगदी गुण्यागोविंदाने जुळतात. ८ एमबीच्या डंपात शून्यापासून मोजलेल्या सोळाव्या बाइटपासून ५ए ए५ एफ० ०एफ ही डिस्क्रिप्टरची खूण हवी. डिस्क्रिप्टर वाचणाऱ्या आयएफडीटूलला भागांच्या सीमा वाचता यायला हव्यात. दोन्ही फाइल आधी ८ आणि मागे ४ अशा जोडल्या की नेमके १,२५,८२,९१२ बाइट व्हायला हवेत. तिन्ही झालं. दोन पेनड्राइव्ह आणि एक मेल, तिन्हीकडे प्रत ठेवली आहे.

आता बेताविषयी. पुढची पायरी ठरलेली होती: ८ एमबीवर एमई-क्लीनर (एमईचा बराचसा भाग काढणारं साधन), ४ एमबीवर सीबायोससकट (कोअरबूटनंतर मशीन बूट करणाऱ्या बायोससकट) कोअरबूट, मग मूळ बायोसच्या व्हाइटलिस्टचा (ठरावीक वाय-फाय कार्डंच चालू देणाऱ्या यादीचा) १८०२ एरर गेला की इंटेल ७२६०चं हाफ-मिनी वाय-फाय कार्ड. डंप तपासताना लक्षात आलं की या क्रमात ईसी कुठेच नाही.

एक्स २३०चा ईसी, म्हणजे कीबोर्ड आणि चार्जिंग सांभाळणारा वेगळा कंट्रोलर, अस्सल नसलेली बॅटरी ओळखतो आणि चार्ज करायला नकार देतो. त्याचं फर्मवेअर या दोन चिपमध्ये नाही. ते बदलायची सोपी वाट मूळ बायोसमधून जाते. एकदा कोअरबूट बसलं की ती वाट बंद. परत यायचं तर पुन्हा पामरेस्ट, पुन्हा क्लिप, पुन्हा मूळ डंप. म्हणजे आधी थिंकपॅड-ईसी या प्रकल्पाचा पॅच, मग कोअरबूट. मागच्या भागातला क्रम उलटा होता. कोणी तो वाचून काम सुरू केलं असेल तर थांबा.

यातही एक मेख आहे. ईसी फ्लॅश करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली, दोन्ही लागतं. बॅटरी आहे दुसऱ्या कंपनीची, ती हा ईसी भरूच देत नाही. म्हणजे बॅटरी चालावी म्हणून पॅच, आणि पॅच चालावा म्हणून बॅटरी. सुटका एकच: दुसऱ्या एक्स २३०ची अस्सल बॅटरी तासाभरासाठी उसनी घेणं. सहा सेलची ४४+ मिळण्यासारखी आहे.

ईसी उघडतोच आहे तर एक्स २२०चा सात ओळींचा कीबोर्डही आत्ताच. त्याच पॅचमध्ये त्याच्या कळांची जुळणी येते. खालच्या कडेचे दात कानशीने घासावे लागतात आणि कनेक्टरच्या ठरावीक पिनांवर इन्सुलेशनची पट्टी लावावी लागते, नाहीतर बॅकलाइटची लाइन शॉर्ट होते. कीबोर्ड जुन्या बाजारातून घेणार असाल तर ट्रॅकपॉइंटची (कळांमधल्या माउस-बिंदूची) दांडी आणि रिबनचं टोक दुकानातच पाहा. कळांवरची अक्षरं पुसलेली चालतात, रिबनला घडी पडलेली चालत नाही.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: लिहिण्याचं काम सीएच३४१एने करायचंच कशाला? रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घरात पडून आहे. त्यावर सर्पप्रॉगचं फर्मवेअर घातलं की तो फ्लॅशरॉमला प्रोग्रॅमर म्हणून दिसतो. मुळात ३.३ व्होल्टचाच, आणि क्लॉकचा वेगही कमी ठेवता येतो. सावकाश वाचेल, हरकत नाही. पिळलेल्या तारा आणि ४७ ओहम तसेच ठेवून त्याने पाच डंप घेईन. सीएच३४१एच्या पाचांशी चेकसम जुळला तर लिखाण पिकोने.

तोवर क्लिप काढून ठेवली आहे आणि मशीन मूळ बायोसवर, जुन्या वाय-फाय कार्डासकट, चार्जरवर चालू आहे. सीमॉस बॅटरी काढल्यामुळे घड्याळ मागे गेलं होतं, ते लावलं. पामरेस्टला दोनच स्क्रू मारलेत.