तीन फुटी टाकीसाठी पंप निवडताना

आमच्या हॉलमधली माशांची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. घनफुटाला 28.3 लिटर धरले तर काठोकाठ जवळजवळ 133 लिटर होतात. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी उरतं 110 ते 115 लिटर. त्यात गोल्डफिश आहेत, ऑरांडा जातीचे. गोल्डफिश खातो भरपूर आणि पाणी घाण करतो त्याहून जास्त. आतला स्पंज फिल्टर पुरा पडेना म्हणून टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी, म्हणजे संप, बसवायचं ठरवलं. वरचं पाणी पाइपातून खाली येणार, स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगांमधून गाळलं जाणार आणि पंप ते परत वर ढकलणार. हा पंप वर्षभर दिवसरात्र चालायचा. एवढ्या सगळ्या मांडणीत फिरणारी वस्तू ती एकच, त्यामुळे तिची निवड सावकाश करायची असं मी ठरवलं होतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशिनशॉपमध्ये काम करतो. हायड्रॉलिकचे सुटे भाग रोज हाताखालून जातात, म्हणून शाफ्ट (मधला दांडा), बुश (दांडा ज्यात बसतो ती बारीक नळी), क्लीअरन्स (दोन भागांमधली फट) या गोष्टींकडे लक्ष आपोआप जातं. माशांच्या पंपाला तीच नजर लावली आणि तिचा चांगला उपयोग झाला.

बेळगावच्या दुकानात मला लागेल एवढ्या ताकदीचा पंप साडेपाचशेला मिळत होता. इटालियन किंवा जर्मन बनावटीचा हवा तर कोल्हापूर-पुण्याहून किंवा थेट मुंबईच्या कुर्ल्याहून मागवायचा, आणि चार हजारांच्या आसपास मोजायचे. सात पट किंमत. घरात सगळ्यांचं मत स्वस्त पंपाकडे होतं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "लिटर नंतर बघू ओ, पाणी किती फूट चढवायचं ते सांगा."

खोक्यावर ताशी 2000 लिटर असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा पंप पाणी जराही वर न चढवता नुसतं फिरवत असेल तेव्हाचा. बाजूला बारीक अक्षरात कमाल उंची दिलेली असते, उदाहरणार्थ 2 मीटर. त्या उंचीला पंपातून एक थेंबही बाहेर पडत नाही. पाणी पाइपात तिथपर्यंत चढून नुसतं उभं राहतं. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. माझ्या संपातल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या काठापर्यंत चार फूट, म्हणजे 1.2 मीटर. पाइपाला कोपर जितके जास्त आणि पाइप जितका बारीक, तितकं पाणी आणखी घटतं. गोल्डफिशच्या टाकीचं पाणी तासाला निदान पाच-सहा वेळा फिल्टरमधून जावं असा माझा हिशोब होता. म्हणजे मला वर, प्रत्यक्ष टाकीत पडणारं पाणी ताशी 600 ते 700 लिटर हवं होतं.

मग स्वस्तातला पंप घेऊन आलो. निपाणीच्या एका मित्राकडे इटालियन पंप होता, तो सुटीच्या दिवशी घेऊन आला. बाथरूमच्या खिडकीच्या गजाला चार फुटांवर पाइप बांधला, खाली पाण्याची घागर, वर दहा लिटरची बादली, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. स्वस्त पंपाने, खोक्यावर ताशी 2000 लिटर आणि 35 वॉट असताना, बादली 48 सेकंदांत भरली. म्हणजे ताशी 750 लिटर. इटालियन पंपावर 1500 लिटर आणि 23 वॉट छापलं होतं. त्याला 50 सेकंद लागले, म्हणजे ताशी 720. छापील आकड्यांत पाचशे लिटरचा फरक, बादलीत जेमतेम तीस लिटरचा. पंप घेणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा करावी. बादली आणि घड्याळ घरोघरी असतं, आणि दुकानदार ओळखीचा असेल तर तो दुकानातही करू देतो.

विजेचा हिशोब इथूनच सुरू झाला. 35 वॉटचा पंप महिन्याला 25 युनिटं खातो, 23 वॉटचा साडेसोळा. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजना आहे. घराच्या आधीच्या वर्षाची सरासरी काढून त्यावर दहा टक्के धरतात आणि तेवढी वीज मोफत मिळते, कमाल 200 युनिटं. तुमच्या वाट्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे आणि 200 ओलांडली तर सगळं बिल आपल्या अंगावर. आमचं घर त्या रेषेच्या अगदी जवळ असतं. उन्हाळ्यात पंखे सुरू झाले की महिन्याची आठ-नऊ युनिटं आम्हाला जड जातात. ज्यांचा वापर शंभरच्या आत आहे आणि वाटाही पूर्ण होत नाही, त्यांना या फरकाची काळजी करण्याचं कारण नाही.

शिवाय पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॉट घेतो तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच सोडतो. बेळगाव उंचावर आहे, हवा थंड म्हणून गावाचं नाव आहे, तरी एप्रिलमधल्या दुपारी हॉलमधलं पाणी चांगलं तापतं. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. 12 वॉट कमी म्हणजे तेवढं तापणं कमी.

मग दोन्ही पंप उघडले. पुढचं झाकण फिरवून काढलं की रोटर हातात येतो. एक दंडगोल चुंबक आणि त्याच्या टोकाला पाती, बस. पाती सरळ असतात, वळवलेली नसतात. कारण ही मोटार सुरू होताना कुठल्या दिशेने फिरेल याचा भरवसा नसतो. वीज मिळाली की रोटर इकडे-तिकडे थरथरतो आणि ज्या बाजूला पकड मिळेल त्या बाजूला फिरू लागतो. आपल्याकडे 50 हर्ट्झ वीज, म्हणून एकदा लय पकडली की मिनिटाला 3000 फेरे. स्वस्त पंपात शाफ्ट स्टीलचा होता आणि तो नुसत्या प्लास्टिकच्या बुशमध्ये बसवलेला. बोटाने हलवला तर प्ले, म्हणजे सैलपणा, स्पष्ट जाणवत होता. दुसऱ्यात शाफ्ट सिरॅमिकचा, दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या, आणि रोटर फिरवून सोडला तर कुठे घासल्याचं जाणवलं नाही. माझ्या मते जास्तीच्या पैशांतला मोठा भाग इथे जातो. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या वस्तूत प्ले असेल तर तो वाढतच जातो आणि त्याचा आवाजही. आईची खोली हॉलला लागून आहे. स्वस्त पंप एक रात्र कपाटात चालू ठेवला तर सकाळी तिने विचारलं, "रात्रभर काय घुंगुरतंय रे ते?" खाली स्पंजाचा तुकडा ठेवल्यावर आवाज बराच उतरला, पण गेला नाही.

वडगावात मागाच्या मोटारी वाइंडिंग करणारे एक मामा आहेत. त्यांच्याकडे दोन्ही पंप नेले आणि जळला तर दुरुस्त होईल का म्हणून विचारलं. हातात घेऊन ते म्हणाले, "हे उघडत नाही बघ. तारा रेझीनमध्ये गाडल्यात. जळली की टाकायची." महागाच्या पंपालाही हेच लागू. मग दुरुस्त काय होतं? रोटर, शाफ्ट आणि बुश. झिजतात तेही हेच. म्हणून महागातला पंप घेताना मी विकणाऱ्याला आधी हेच विचारलं, की रोटर सुटा मिळतो का आणि किती दिवसांत. मिळतो म्हणाला, किंमतही सांगितली. सुटा रोटर मिळत नसेल तर महाग पंपाला महाग का म्हणायचं, हे मला कळत नाही. वॉरंटीपेक्षा मी याला जास्त मान देतो, कारण पंप कुरिअरने परत पाठवून नवा येईपर्यंत मासे थांबत नाहीत.

आपल्या भागात खरी परीक्षा लाईट गेल्यावर असते. जून ते सप्टेंबर पाऊस आणि वारा, खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर विचारूच नका. लाईट जाते, येते, पुन्हा जाते. पंप बंद पडला की फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना वाहतं पाणी मिळत नाही, म्हणजे प्राणवायू मिळत नाही, आणि काही तासांत ते मरू लागतात. म्हणून लाईट आल्याबरोबर पंप आपला आपण सुरू झालाच पाहिजे, घरात कोणी असो वा नसो. मी दोन्ही पंप वारंवार बंद-चालू करून बघितले, कधी लगेच, कधी रात्रभर बंद ठेवून. नवे असताना दोन्ही सुरू झाले. मग दोन्ही काही आठवडे बोअरच्या पाण्यात चालवले. आमच्याकडे महापालिकेचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं, ते मऊ. बोअरचं मात्र जड आणि क्षारांचं, त्याने रोटरवर पांढरा थर धरतो. थर धरल्यावर स्वस्त पंप कधी कधी नुसता थरथरायचा आणि फिरायचाच नाही. टिचकी मारली की सुरू. महागाचा प्रत्येक वेळी सुरू झाला. रोटर लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवून ब्रशने घासला की स्वस्त पंपही पुन्हा सरळ होतो, हे सांगायलाच हवं. ज्याला महिन्याला एकदा हे करायचं आहे त्याचं साडेपाचशेत भागेल.

इन्व्हर्टरचंही बघून घ्या. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर दोन्ही पंप नीट चालले. शेजारच्यांच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर दोन्ही घणघणले आणि अंग तापलं, म्हणून ते लगेच बंद केले. 24 व्होल्टचे डीसी पंपही बाजारात आहेत. ते वीज कमी घेतात आणि वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो, पण त्यांचा कंट्रोलर बिघडला तर इथे तो बघणारा मला कोणी मिळाला नाही, म्हणून तो रस्ता सोडला.

संप असेल तर आणखी एक. पंप थांबला की वरचं पाणी परतीच्या पाइपातून, म्हणजे पंप ज्यातून पाणी वर ढकलतो त्यातून, उलट खाली येतं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ नऊ लिटर. म्हणून पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली ठेवलं आणि संपात तेवढ्या पाण्याला जागा रिकामी सोडली. हे पंप कितीचा आहे यावर अवलंबून नाही.

सुरक्षेच्या बाबतीत स्वस्त पंप मला खरोखर खटकला. प्लग दोन पिनांचा, अर्थिंगची तार नाहीच. रेझीनला चीर गेली तर वीज सरळ पाण्यात. आमच्या बोर्डावर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, तरी टाकीत हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढायचा हा नियम मुलांनाही शिकवला. वायर सॉकेटच्या खाली लोंबेल अशी वळवून मग वर घेतली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खाली टपकतं, प्लगमध्ये जात नाही. पंप कितीचाही असो, एवढं कराच.

शेवटी परतीच्या पाइपासाठी महागाचा पंप मागवला आणि सोबत एक सुटा रोटरही. साडेपाचशेचा पंप वाया गेला नाही. आठवड्याचं पाणी बदलताना टाकीतलं जुनं पाणी तो थेट अंगणातल्या झाडांना देतो, आणि मुख्य पंप कधी बंद पडलाच तर तासाभरात त्याच्या जागी बसवता येईल असा पाइपाचा जोड करून ठेवलाय.

निपाणीच्या त्याच मित्राने मला स्वतःच सांगितलं, की त्याच्या दुसऱ्या, दोन फुटी टाकीत चारशे रुपयांचा आतला फिल्टर कित्येक वर्षं चालतोय. तिथे पाणी चढवायचं नाही, मासे गप्पी आणि मॉली, आणि पाणी नळाचं. तशा टाकीसाठी चार हजार घालू नका. ते पैसे मोठ्या टाकीसाठी ठेवा. मोठी टाकी, पाणी वर चढवणं, बोअरचं पाणी किंवा वरचेवर जाणारी लाईट, यातल्या दोन गोष्टी तुमच्याकडे असतील तर मात्र सिरॅमिक शाफ्टचा, सुटा रोटर मिळणारा पंप घ्या आणि घेण्याआधी चार फुटांवर बादली धरून बघा.