फवारणी पंपाची अ‍ॅफिलिएट साइट: कीवर्डची स्पर्धा मी कशी तपासतो

आपल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान कमिशन देतं, ती अ‍ॅफिलिएट साइट; आणि लोक गूगलमध्ये जे शब्द टाकून शोधतात, ते कीवर्ड. गूगल कीवर्ड प्लॅनर या गूगलच्या जाहिरातींच्या टूलमध्ये 'कॉम्पिटिशन' (स्पर्धा) नावाचा एक रकाना असतो आणि नवखा माणूस हमखास तिथंच फसतो. 'लो' दिसलं की त्याला वाटतं, रान मोकळं आहे. पण तो रकाना जाहिरातदारांसाठी आहे. त्या शब्दावर जाहिरात लावायला कितीजण धडपडतात, एवढंच तो सांगतो. जाहिरात न देता निकालात वर येणं किती अवघड आहे, ते त्यातून कळत नाही. शिवाय जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला शोधसंख्याही '१०० ते १ हजार' अशी ढोबळ दिसते. म्हणून प्लॅनर मी फक्त नवे शब्द सुचवून घ्यायला उघडतो.

उदाहरणाला पाठीवरचा बॅटरी पंप घेऊ. नुसतं 'पंप' शोधलं तर विहिरीच्या मोटारीपासून पेट्रोल पंपापर्यंत काहीही येतं, तो शब्द सोडायचाच. 'फवारणी यंत्र' हा कागदोपत्री शब्द. वावरात 'औषध मारायचा पंप', 'चार्जिंगचा पंप', 'फवारा पंप', 'सोळा लिटरचा पंप' असं बोलतात. कृषी केंद्राच्या काउंटरवर गिऱ्हाईक जे विचारतं, ते शब्द आधी वहीत उतरवतो. मग मोबाईलवर गूगलमध्ये 'बॅटरी पंप' लिहून पुढे क, ख, च, न असं एकेक अक्षर टाकतो आणि खाली काय सुचतं ते टिपतो. तेच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहूनही पाहायचे. बरेचजण मराठी तशीच टाइप करतात आणि निकालही वेगळे लागतात. यादी ४०-५० शब्दांची झाली की पुरे.

खरी स्पर्धा कळते ती निकालाच्या पहिल्या पानावर. खिडकी इनकॉग्निटो ठेवतो, नाहीतर आपण रोज उघडतो त्याच साइट वर दिसू शकतात. इनकॉग्निटोने ठिकाण मात्र लपत नाही. खेड्यातल्या मोबाईल इंटरनेटवर गूगल कधीकधी दूरचं शहर धरतो, म्हणून पानाच्या तळाशी कोणतं ठिकाण दाखवलंय तेही बघून घ्यावं. मग दहाही निकाल उघडून वाचायचे. नुसती शीर्षकं चाळून काही कळत नाही.

'बॅटरी फवारणी पंप किंमत' टाकल्यावर दहातले सात-आठ निकाल अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, इंडियामार्ट किंवा कंपन्यांच्या साइटचे असतील, तर तो शब्द मी खोडतो. माणसाला दुकान हवंय हे गूगलने ओळखलेलं असतं, तिथे आपला लेख कितीही चांगला असला तरी वर चढत नाही. 'अनुदान' जोडलं की सरकारी पोर्टल आणि वर्तमानपत्रं येतात. शोधणाऱ्याला अर्ज भरायचा असतो, त्यामुळे आपल्या लिंकवरून खरेदी होण्याची आशा ठेवू नये. कामाची जागा सापडते ती फेसबुकची जुनी पोस्ट, प्रश्नोत्तराची साइट, तीन-चार वर्षांपूर्वीचा लेख किंवा शीर्षकात आपला शब्दच नसलेलं पान दहात दिसतं तेव्हा. अशी निदान तीन कच्ची पानं असतील तरच शब्दापुढे खूण करतो. सगळे व्हिडिओच असतील तर प्रश्न दाखवून समजावण्याचा आहे; फोटो काढायची तयारी नसेल तर तिकडे जाऊ नये.

'बॅटरी पंप चार्ज होत नाही', 'पंपाला १२ बाय ८ बॅटरी चालेल का' (म्हणजे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास) असले लांब शब्द मला जास्त आवडतात. विचारणाऱ्याला चार्जर किंवा बॅटरी घ्यायचीच असते आणि तालुक्याला नेमकी तीच मिळत नाही. आख्खा पंप मात्र लोक ऑनलाइन बघतात आणि कृषी केंद्रातून उधारीवर आणतात.

आता टूलच्या आकड्यांबद्दल. अहरेफ्स या टूलची कीवर्ड डिफिकल्टी, म्हणजे त्या शब्दावर वर येणं किती अवघड याचा आकडा, पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइटवरून लिंक आल्यात यावर निघते. मराठी पानांना मुळात लिंकच कमी, त्यामुळे आकडा सर्रास शून्याजवळ दिसतो. आख्ख्या साइटचं वजन त्यात धरलेलं नसतं, म्हणून डिफिकल्टी शून्य आणि समोर अ‍ॅमेझॉन बसलेलं, असंही होतं. मॉझ या दुसऱ्या टूलची डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे आख्ख्या साइटच्या वजनाचा आकडा, हाही मॉझचा स्वतःचा अंदाज, गूगल ती वापरत नाही.

नवख्यांना आणखी एक सूत्र शिकवतात: शब्दाआधी 'ऑलइनटायटल:' लावून शोधायचं (म्हणजे शीर्षकात ते सगळे शब्द असलेलीच पानं येतात), आलेल्या निकालांच्या संख्येला महिन्याच्या शोधसंख्येने भागायचं आणि उत्तर ०.२५च्या खाली आलं तर शब्द घ्यायचा. २० निकाल आणि ९० शोध, म्हणजे ०.२२. इंग्रजीत चाळणी म्हणून ठीक आहे. मराठीत नेमकी शोधसंख्याच बहुधा मिळत नाही, मग भागायचं कशाने? भराभर शोधलं तर 'तुम्ही रोबोट आहात का' विचारतात ते वेगळंच. मी निकालांची संख्या तेवढी बघतो आणि भागाकार सोडून देतो.

टूलमध्ये शोधसंख्या शून्य दिसली म्हणून कोणी शोधत नाही असं नसतं. गूगलची सुचवणी येत असेल, तर लोक विचारत आहेत. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढला तर हंगाम कळतो. तिथले ० ते १०० हे प्रमाण आहे, त्याला शोधसंख्या समजू नये. कापूस-सोयाबीनची फवारणी जुलैपासून जोर धरते आणि नव्या साइटचं पान वर यायला काही महिने जातात, म्हणून लेख मार्च-एप्रिलमध्येच टाकायचा.

एकाच गोष्टीच्या चार नावांवर चार पानं लिहू नयेत. 'फवारा पंप' आणि 'फवारणी पंप' दोन्ही शोधून पहिले दहा निकाल ताडून बघा. सहा-सात सारखे असतील तर एकच पान, आणि दोन्ही शब्द त्यातच. नाहीतर आपलीच पानं एकमेकांना खाली ओढतात.

कमाईचा हिशेब आधीच मांडावा. समजा महिन्याला ४० जण आले, १० जणांनी लिंक दाबली, एकाने २,५०० रुपयांचा पंप घेतला आणि कमिशन ५ टक्के असलं, तर १२५ रुपये. टक्केवारी वस्तूच्या प्रकाराप्रमाणे बदलते, ती आधी तपासा. अ‍ॅमेझॉनची मुदत लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांची, त्यात खरेदी झाली तरच कमिशन; 'कापूस विकला की घेतो' म्हणणारा त्यात बसत नाही.

कीटकनाशकांच्या मात्रेवरचे शब्द सोपे दिसले तरी मी घेत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. असल्या विषयावर गूगलही जाणत्याचं लिखाण मागतो, आणि मागायलाच हवं. मास्क, हातमोजे, चष्मा यांवर मात्र जरूर लिहावं.

पान टाकल्यावर सर्च कन्सोल बघतो; आपली साइट कोणत्या शब्दावर कितव्या स्थानी दिसली ते सांगणारं हे गूगलचं टूल. आपण न धरलेले शब्द तिथे सापडतात. सरासरी स्थान ८ ते २० मध्ये असलेला शब्द उचलून त्यावर पानात नवा परिच्छेद घालतो, आणि मग दोन-तीन आठवडे हात लावत नाही. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची नोंद राहते, त्यामुळे मागचा खरीप या खरिपाशेजारी ठेवून बघता येतो.