फोटो एका मापाचा, कागद दुसऱ्या मापाचा: आमच्या लॅबची वाटचाल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली आमची फोटो लॅब रोल धुण्याच्या जमान्यात सुरू झाली, तेव्हा “फोटो कापला तर जाणार नाही ना?” असं कोणी विचारत नसे. विचारायचं कारणच नव्हतं. 35 एमएम निगेटिव्हची चौकट 36 × 24 मिलिमीटरची, म्हणजे 3:2. 1925 साली याच चौकटीचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि पुढे सगळ्या जगाने तेच माप उचललं. 4 × 6 इंचाचा कागदही 3:2. निगेटिव्ह सव्वाचार पट मोठी केली की कागद काठोकाठ भरतो. अडायचं ते 5 × 7 आणि 8 × 10 ला, कारण ही मापं त्याआधीच्या प्लेट कॅमेऱ्यांच्या काळातली. पण मोठी प्रिंट काढणारे थोडे, त्यामुळे वाद कमी.

वाद वाढले डिजिटल कॅमेरे आले तेव्हा. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी त्या वेळच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं प्रमाण धरलं, 4:3. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तेच आलं. डीएसएलआरवाले, म्हणजे लेन्स बदलता येणारे मोठे डिजिटल कॅमेरे वापरणारे, फिल्मचं 3:2 धरून राहिले. कागद मात्र बदलला नाही. मग 4:3 चा फोटो 4 × 6 वर काढायचा तर दोनच वाटा: फोटो कापा, नाहीतर कागद रिकामा सोडा. गिऱ्हाइकाचं म्हणणं असतं, “पूर्ण फोटो आला पाहिजे आणि पांढरी पट्टीही नको.” गुजरातीत सांगा, मराठीत सांगा, हिशेब तोच राहतो.

तो हिशेब असा. मोबाइलचा आडवा फोटो 4000 × 3000 पिक्सेलचा धरू. 4 × 6 साठी 4000 × 2667 लागतात, म्हणजे उंचीतले 333 पिक्सेल, नववा हिस्सा, बाहेर. काही न कापता बसवायचा तर फोटो 4 × 5.33 इंचाचा होतो आणि डावी-उजवीकडे एकेक तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी राहते. तिसरी वाट काहीजण सुचवतात, फोटो ताणून बसवा. त्यात माणूस साडेबारा टक्के रुंद होतो. आमच्याकडे ते काम घेतलं जात नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.

यातून सुटायचा एक रस्ता मशीनमध्येच होता. लॅबचा कागद रोलमध्ये येतो. रोलची रुंदी ठरलेली, लांबी मात्र कापू तितकी. 6 इंचाच्या रोलवर 4 इंचाला पातं पडतं तिथे साडेचार इंचाला पाडलं, की 4.5 × 6 ची प्रिंट मिळते आणि ती नेमकी 4:3 असते. ना कापाकापी, ना पट्टी. कागद आठवा हिस्सा जास्त लागतो, म्हणून दर थोडा चढा. त्याच रोलवर 6 × 8 सुद्धा 4:3 च. हे दोन आकार ठेवल्यापासून मोबाइलच्या फोटोंची निम्मी कटकट संपली. उरलेली निम्मी अल्बमची. बाजारातल्या तयार अल्बमचे कप्पे 4 × 6 चे, त्यात साडेचार इंच शिरत नाही. म्हणून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न “किती कॉपी?” नसतो, “लावणार कशात?” असतो.

कापायचंच असेल तर कुठून कापलं जातं हे आधी कळायला हवं, आणि इथेच जास्त लोक फसतात. 4:3 चा आडवा फोटो 4 × 6 वर घेतला की वरून आणि खालून जातो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेचे फेटे आणि पुढे बसलेल्यांची पावलं जातात. तोच फोटो उभा असेल तर डावी-उजवीकडून जातो. डीएसएलआरचा 3:2 फोटो 4 × 6, 8 × 12, 12 × 18, 20 × 30 या सगळ्यांत तंतोतंत बसतो, पण 5 × 7 ला लांबीतला पंधरावा हिस्सा आणि 8 × 10 ला चक्क सहावा हिस्सा जातो. आडव्या ग्रुपमध्ये हा सहावा हिस्सा म्हणजे दोन्ही टोकांची माणसं, आणि लग्नाच्या फोटोत टोकाला नेमके रुसणारे नातेवाईक उभे असतात. घरी 8 × 10 ची फ्रेम तयार असेल तर आम्ही 8 × 12 घेऊन फ्रेम बदला असंच सांगतो. फ्रेम बदलायचीच नसेल तर 8 × 10 च्या कागदावर फोटो 6.67 × 10 ठेवायचा आणि उरलेल्या जागेत पासपार्तू, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायचं. ते दिसतंही देखणं.

शिवाय काठाचं वेगळंच. बिनबॉर्डरच्या प्रिंटला मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा छापतं, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. त्यात चारही बाजूंनी 1 ते 2 मिलिमीटर जातात. वर फ्रेमची खाच प्रत्येक बाजूने साधारण 5 मिलिमीटर झाकते. म्हणून डोक्यावर निदान अर्धा इंच मोकळा ठेवल्याशिवाय आमचा ऑपरेटर क्रॉपची चौकट पक्की करत नाही. मनगटावर, घोट्यावर, गुडघ्यावर कड येऊ द्यायची नाही. कापायचं तर मांडीवर नाहीतर कमरेवर. शेकडो फोटोंची ऑर्डर ऑटो क्रॉपवर सोडून देणं हा या धंद्यातला सगळ्यात महाग आळस आहे. मशीन मधोमध धरतं आणि दोन्हीकडून सारखं कापतं, त्याला टिळा कुठे आणि चप्पल कुठे ते कळत नाही.

नवरात्रात वेगळी तऱ्हा. गरब्याचे फोटो पडदाभर काढलेले असतात, 9:16 किंवा त्याहून अरुंद. 4 × 6 वर 9:16 चा साधारण सहावा हिस्सा जातो, 20:9 चा जवळपास तिसरा. 9:16 साठी 4 × 7 जवळजवळ जमतं. खरं तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात 4:3 ठेवून फोटो काढावा. बहुतेक फोनमध्ये पूर्ण सेन्सर तेव्हाच वापरला जातो, फुल स्क्रीनचा फोटो त्यातूनच कापलेला असतो. इन्स्टाग्रामचा 4:5 मात्र बिनबोभाट 8 × 10 वर बसतो.

माप जुळलं तरी फाइल पुरायला हवी. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरून, 4 × 6 ला 1800 × 1200 पिक्सेल, 8 × 12 ला 3600 × 2400. 12 × 18 भिंतीवर लावायची असते, तिथे 200 डीपीआय चालतो, म्हणजे पुन्हा 3600 × 2400. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो बहुधा 1600 × 1200 वर येतो. 4 × 6 ला तो 267 डीपीआय देतो, झकास. 8 × 12 ला 133, नरम. 12 × 18 ला 89, आणि तिथे डोळ्यांच्या पापण्यांचे चौकोन दिसायला लागतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल येते. फाइलच्या प्रॉपर्टीमध्ये 72 डीपीआय दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. तो आकडा नुसती चिठ्ठी आहे, मोजायचे ते पिक्सेल.

सगळ्यात नाजूक काम बेसण्याच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या शोकसभेच्या, फोटोचं. संध्याकाळी ऑर्डर, सकाळी हार घालायचा, माप 12 × 15, आणि हातात असतो प्रोफाइलचा चौकोनी फोटो, जेमतेम 640 पिक्सेलचा. 12 इंचाला तो 53 डीपीआय पडतो. अशा वेळी आम्ही आधी घरच्यांना एखाद्या लग्नाचा मूळ ग्रुप फोटो शोधायला लावतो. 4000 पिक्सेलच्या ग्रुपमधून एकट्याचं डोकं-खांदे 900 पिक्सेलचे जरी मिळाले तरी चौकोनी फोटोपेक्षा सरस. चौकोनीच वापरायचा झाला तर 12 × 15 साठी रुंदीतला पाचवा हिस्सा कापण्यापेक्षा वरची साधी पार्श्वभूमी 3 इंच वाढवून देतो; खांदे शाबूत राहतात आणि हाराला जागाही होते. प्रिंट मॅट कागदावर, ग्लॉसीवर कमी पिक्सेल लगेच उघडे पडतात.

लग्नाच्या अल्बमचं पान उघडल्यावर 12 × 36 असतं, 3:1. एकच 3:2 फोटो दोन्ही पानांवर पसरायचा म्हणजे उंचीतला बरोबर अर्धा फोटो टाकायचा. वरात किंवा गरब्याचं रिंगण असेल तर शोभतो, नवरा-नवरीचा उभा जोडा असेल तर नाही. एका पानावर, 12 × 18 ला, तोच फोटो पूर्ण येतो. घडीवर चेहरा येऊ द्यायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पासपोर्ट फोटोत भांडण नाही: 35 × 45 मिलिमीटर, 4 × 6 च्या कागदावर चार-चारच्या दोन रांगा, आठ नग, कडेला कापायला जागा उरते.

अलीकडे कॅनव्हासची मागणी वाढली आहे आणि तिथे हिशेब उलटा फिरतो. दीड इंच जाडीच्या चौकटीवर 12 × 18 चा कॅनव्हास ताणायचा तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच वळवायला लागतात, म्हणजे छापायचं 16 × 22. हे 3:2 राहिलं नाही. डीएसएलआरच्या फोटोची लांबी इथे बारावा हिस्सा कमी करावी लागते, मोबाइलचा 4:3 उंचीत फक्त अर्धा इंच देऊन बसतो. आणि समोर दिसणार मधलं 12 × 18 च, म्हणून माणसं काठाशी असलेला फोटो आला तर कडा आरशासारख्या उलटवून छापतो किंवा एकरंगी ठेवतो. कॅनव्हाससाठी मूळ, न कापलेली फाइलच आणावी.