काजूखालचं गवत मारून का टाकत नाही?

हा प्रश्न बहुतेक ऑगस्टात येतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आमचा डोंगर तेव्हा कमरेएवढ्या गवतात बुडालेला असतो. पुण्या-मुंबईहून येऊन इकडे जमीन घेतलेली मंडळी, कधी आमचेच मावसदीर, दगडी गडग्यापाशी उभे राहून म्हणतात, "वहिनी, केवढं रान माजलंय! एकदा औषध मारून मोकळ्या का होत नाही?" तुम्हीही तेच विचारलंत. तुमची कलमं दोन वर्षांची आहेत हेही सांगितलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला गवत नको असतं ते फेब्रुवारी ते मे. जून ते सप्टेंबर ते मला हवं असतं. औषध, म्हणजे तणनाशक, मारलं की दोन्ही वेळचं जातं.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीच्या डोंगरांत त्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काजू लावलेला असतो उतारावर, कारण सपाट जागा भाताने आणि पाण्याची जागा कुळागराने, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेने, आधीच घेतलेली. खाली जांभा दगड, वर जेमतेम माती. ती उघडी ठेवली तर जुलैच्या एका आठवड्यात ओहोळ लाल होऊन वाहतो, आणि काजूची खत खाणारी बारीक मुळं तर याच वरच्या थरात असतात. गवताची मुळं ही माती धरून ठेवतात, पात्यांमुळे पावसाचा मारही थेट जमिनीवर बसत नाही. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्र सरकारची कृषी संशोधन संस्था आहे. तिनेही काजूच्या उतारासाठी आडवे चर आणि त्यांच्या काठाने झाडोऱ्याचे बांध असाच मार्ग धरलाय. आमच्याकडे चरांच्या कडेला गिरिपुष्प आहे. त्याचा पाला छाटून कलमांच्या आळ्यात टाकते.

शिवाय पावसाळ्यात औषध मारायचं तरी कधी? फवारल्यावर काही तास उघडीप लागते. जुलैत आमच्याकडे ती मिळाली तर लोक आधी कपडे वाळत घालतात. ग्लायफोसेट या तणनाशकावर तर ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राचा निर्बंध आहे, पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय इतर कोणी ते वापरायचं नाही. तरी ते सर्रास मारलं जातं, तो भाग वेगळा. लहान कलमाच्या हिरव्या सालीवर किंवा बुडातून आलेल्या फुटव्यावर त्याचा फवारा उडाला तर औषध आत शिरतं आणि कलमच आजारी पडतं. आणि आमच्या उताराच्या पायथ्याला विहीर आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्या 'रानात' पहिल्या पावसाचा टायकिळा, म्हणजे टाकळा, असतो. कोवळा खुडून, फणसाच्या आठळ्या आणि ओलं खोबरं घालून त्याची भाजी होते. पुढे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर माटोळी (रानातल्या फळाफुलांची चौकट) बांधायला घागऱ्यो नावाच्या रानशेंगा लागतात, त्याही तिथल्याच. घागऱ्यो शेंगवर्गातल्या, म्हणजे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणाऱ्या. तण म्हणून उपटायची ती माझ्या यादीतली शेवटची. त्यामुळे पहिली मोठी कापणी चवथीनंतरच. पावसाचा जोर तोवर ओसरतो, बहुतेक गवताचं बी अजून पक्व झालेलं नसतं आणि कापलेलं जागेवरच कुजतं. ते गोळा करून बांधावर फेकू नका. गुरं असतील तर त्यांच्या वाट्याचं काढा, उरलेलं पडल्या जागी राहू द्या.

याला दोन अपवाद आहेत. पहिला अपवाद झाडाचं बूड. लहान कलमाभोवती हात-दीड हात जागा मी पावसातही मोकळी ठेवते, कारण तिथे गवत आणि कलम एकाच ताटात जेवतात आणि गवत भरभर जेवतं. ऑगस्ट-सप्टेंबरात खत घालायच्या आधी तर आळं बेणलंच, म्हणजे निंदलंच, पाहिजे, नाहीतर खत तुम्ही गवताला घातलंत. हे काम खुरप्याने किंवा हाताने करावं. कुदळ चालवली तर वरची मुळं तुटतात. आच्छादन घालायचं ते खोडापासून वीतभर लांब, खोडाला टेकलं की वाळवी चढते.

मोठ्या झाडाचं बूडही उघडं हवं, पण कारण निराळं. काजूचा खरा वैरी गवत नाहीच, खोड पोखरणारी अळी आहे. भुंगेरा बुडाजवळ सालीच्या फटींत अंडी घालतो, अळी सालीखाली शिरते आणि आतून कुरतडत जाते. बाहेर दिसतो तो तांबूस डिंकाचा एखादा ओघळ आणि त्याखाली चिमूटभर भुसा. बोटाने खरवडलात तर तो ओलसर, लाकडाच्या वासाचा लागतो. इतक्यात दिसलं तर चाकूने साल मोकळी करून अळी काढता येते आणि झाड वाचतं. पानं पिवळी पडून गळायला लागल्यावर फारसं काही हातात राहत नाही. बुडाला कमरेएवढं गवत असेल तर हा चिमूटभर भुसा कोणाला दिसणार?

दुसरा अपवाद रानमोडी. ही झुडपासारखी तण, अमेरिकेतून आलेली, आता आपल्या प्रत्येक डोंगरावर आहे. कापलं-खरचटलं की तिचाच पाला चुरगळून लावतात, तेवढा तिचा उपयोग मान्य. पण ती कापून मरत नाही. एक दांडा कापला की बुडातून चार येतात, म्हणून गवत कापायच्या मशीनने रानमोडी साफ केली म्हणणाऱ्याने पुढच्या वर्षी येऊन बघावं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन ओली असते तेव्हा दोन्ही हातांनी बुडाशी धरून ओढली की मुळांच्या गड्ड्यासकट येते. माती झटकायची आणि मुळं वर करून काजूच्या बेचक्यात अडकवून ठेवायची. जमिनीवर टाकली आणि सर आली की पुन्हा रुजते. डिसेंबरच्या सुमारास तिला फुलं येतात, मग केसाळ बी वाऱ्यावर सुटतं आणि तुमची मेहनत शेजाऱ्याच्या आळशीपणाने वाया जाते. माती उघडी पडली की पहिली तीच येते, हेही औषधाविरुद्धचं माझं एक कारण.

दुसरी कापणी डिसेंबर-जानेवारीत, अगदी जमिनीलगत. काजूचा बोंडू, म्हणजे बी लटकते ते रसाळ फळ, पिकून आपोआप खाली पडावा लागतो, फेणीसाठी तर तसाच लागतो. टोकाला खिळा मारलेल्या काठीने बोंडू टोचून उचलतात, बी पिळून वेगळी करतात. गवतात पडलेला बोंडू सापडेपर्यंत आंबतो आणि बी काळी पडते. वेचणाऱ्या बायका तर घाणेरड्या बागेत यायलाच नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही.

इथे लोक काडी लावतात. पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, पेटवला की एका दुपारी डोंगर स्वच्छ होतो, याची मोहिनी मला समजते. पण खालच्या फांद्यांचा मोहोर होरपळतो, वरची मुळं भाजतात, आणि आग सर्व्हे नंबर बघून थांबत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांवर दिवसेंदिवस वणवे चालले होते. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावं लागलं. बागा साफ करायला लावलेली आग हे एक संभाव्य कारण म्हणून तेव्हा बोललं जात होतं. आम्ही पातेरा दाताळ्याने ओढून चरांत भरतो. काजूचं पान चिवट, लवकर कुजत नाही, पण पहिल्या पावसानंतर चर हळूहळू खाली बसतो. हद्दीच्या कडेने तीनेक मीटर पट्टा मात्र जानेवारीतच खरडून काढतो. आग बाहेरून आली तर तिथे अडवता येते. वाळलेली रानमोडी या पट्ट्यात एकही ठेवू नका, तिचा पाला भसकन पेटतो.

आंब्याचं विचारलंत, तर मानकुराद जातीच्या मोठ्या आंब्याखाली सावलीमुळे गवत फारसं होतच नाही. काजूचंही पुढे तेच होतं. फांद्या एकमेकींना भिडल्या की निम्मं गवत आपोआप कमी होतं. कुळागरात हा प्रश्न फार छळत नाही.

तुमची कलमं अजून लहान आहेत, तेव्हा तुमचा मोठा धोका मशीन आहे. कापणारा माणूस घाईत असतो, नायलॉनची दोरी कलमाच्या खोडाभोवती एकदा फिरली की साल गोल निघते. कलम काही आठवडे हिरवं राहतं आणि मग वाळतं, तेव्हा सगळे वाळवीला दोष देतात. म्हणून आधी आळी हाताने बेणून घ्या, प्रत्येक कलमाला रंग लावलेला खुंट ठोका आणि मशीन खुंटाच्या बाहेरूनच फिरवायला सांगा. जांभ्याचे खडे उडतात, त्यामुळे त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे ना ते बघा, आणि कोणाला जवळ उभं राहू देऊ नका. मशीनवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. चवथ झाली की तो सगळ्या गावाला एकाच वेळी हवा असतो.