पाठ गणपतीकडे

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, दुपारी ४

आत्ता जाग आली. सकाळी साडेनऊला घरी पोचलो, जॅकेट दारामागं अडकवलं आणि आडवा झालो तो आत्तापर्यंत. डॉल्बीचा दणका अजून छातीत आहे. जॅकेटच्या चंदेरी पट्ट्यांवर गुलाल बसलाय. तो आजच धुवायला हवा. पट्टीवर गुलाल चढला की गाडीच्या उजेडात ती चमकत नाही, आणि चमकली नाही तर अंधारात उभा असलेला माणूस गाडीवाल्याला अगदी जवळ आल्यावरच दिसतो.

बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत गाड्या अडवायला मी स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. यंदाही माझी जागा शनिमंदिराच्या अलीकडे, एका बोळाच्या तोंडाशी होती. मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते आणि रामदेव गल्लीवरून फिरत फिरत कपिलेश्वर तलावाकडे उतरते. आमच्यापर्यंत पहिला गणपती येतो तोवर रात्र चढलेली असते, शेवटचा येतो तेव्हा ऊन. झेंडा चौकात १९०५ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनं सुरू झालेला हा उत्सव. आजोबा खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवायचे. त्या मिरवणुकीकडे पाठ करून रात्रभर उभं राहायचं, हे मला अजून जड जातं. लिहून टाकतो, कारण गेल्या वर्षी नेमकं तेच मला जमलं नव्हतं.

गेल्या वर्षी पहाटे आमच्या गल्लीचा गणपती आला. ढोल ओळखीचा, पोरं ओळखीची. मी वळलो. अर्धा मिनिट असेल, जास्त नाही. बोळातून एक दुचाकी आली. मी रस्त्याच्या मधे, तोंड पलीकडे, हात खाली. त्या माणसाला मी उशिरा दिसलो, त्यानं ब्रेक दाबला. पावसाची सर येऊन गेलेली, त्यात गुलाल, झेंडूच्या पाकळ्या, सगळा राडा. गाडी घसरली. मागं बसलेल्या त्याच्या मुलीच्या मनगटाला प्लास्टर लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा ठेवला, एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर हिशेब केला. तीसच्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढं येते. आमचा बोळ तसा केवढा? माणसानं मला बघायचं, ओळखायचं, मग ब्रेक दाबायचा, आणि ओल्या गुलालावर चाक थांबायचं. मी अर्धा मिनिट घेतला होता.

यंदा गणपती बसायच्या आधी वाहतूक पोलिसातल्या एका साहेबांनी आम्हा पोरापोरींना, म्हाताऱ्यांना एकत्र बसवून शिकवलं. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. समोरून येणारी गाडी थांबवायची तर उजवा हात सरळ वर, तळवा गाडीवाल्याकडे. पाठीमागून येणारी थांबवायची तर डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा. हात अर्धवट हलवायचा नाही. 'थांब' आणि 'ये' यांच्या मधला हात सगळ्यात वाईट, तो बघून दोन्हीकडचे निघतात. उभं राहायचं ते बाजूला उडी मारता येईल अशा ठिकाणी. दोन गाड्यांच्या मधे कधी नाही, मागं सरकणाऱ्या जनरेटरच्या टेम्पोमागं तर मुळीच नाही. आणि थांबवण्याचा अधिकार पोलिसांचा, आपण त्यांच्या हाताखाली मदतीला. कुणाच्या गाडीची किल्ली काढून घ्यायची नाही, बॉनेटवर थाप मारायची नाही. हे शेवटचं सांगितलं ते फार बरं झालं. शिट्टी गळ्यात पडली की काही पोरांच्या अंगात येतं, आणि मग भांडण रस्त्याच्या मधोमध सुरू होतं.

मला स्वतःला उमगलेली एक गोष्ट त्यात भर घालतो. अडवायचं ते बोळाच्या तोंडाशी नव्हे, त्याच्या आधी जिथून गाडी वळवता येते तिथं. गेल्या वर्षीपर्यंत बांबू आमच्यापाशीच बांधलेला असायचा. चारचाकी आत यायची, बांबूला येऊन टेकायची, मागं आणखी तीन लागायच्या, मग सगळ्यांनी मिळून उलटं जायचं. यंदा दोन पोरं बोळाच्या वरच्या टोकाला उभी केली. माणसाला दुसरी वाट दाखवली की तो चिडत नाही. नुसतं 'बंद आहे' म्हटलं की चिडतो, आणि त्यात त्याची चूकही नाही.

भाषेचंही तसंच. गोव्याची गाडी आली तर मराठी-कोकणी कसंही चालतं. बैलहोंगलकडची मंडळी आली तर 'स्वल्प निल्री', म्हणजे जरा थांबा, म्हटलं की काच खाली होते. एका आजोबांना मी पुढची वाट कन्नडमधून सांगितली, तर ते मराठीतून म्हणाले, "तू दमलायस की रे, पाणी पी." गाडीतली बाटली देऊनच गेले.

डॉल्बीपुढं शिट्टीचा काही उपयोग नाही, फोनचाही नाही. म्हणून वरच्या टोकाशी दिव्यानं बोलायचं ठरलं होतं. लाल दिव्याची बॅटन वर धरून स्थिर ठेवली तर एकही गाडी सोडू नका. गोल फिरवली तर रुग्णवाहिका येतेय, बोळ रिकामा करा. रात्री दीडच्या सुमाराला ती फिरली. दोन मंडळांच्या मधे अंतर पडलं होतं तिथं मी हात आडवे करून उभा राहिलो, मागच्या मंडळाच्या पोरांनी काही न सांगता दोर धरला, ढोल थांबले. १०८ निघून गेली. एवढ्या गर्दीत ती एवढी शांतता पडली, की गाडीच्या टायरखाली नारळाची करवंटी फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. आत कोण होतं, देव जाणे.

माझ्याबरोबर बारावीतलं एक पोरगं होतं. पहिलंच वर्ष. सकाळी सातला आमच्या गल्लीचा गणपती आला तेव्हा त्याची मान सारखी मागं जायलागली. मी त्याला म्हटलं, "जा, बघून ये. पण इथं उभा राहून वळायचं नाही. जॅकेट काढ, फुटपाथवर जा, तिथून बघ." तो गेला. नाचून आला असावा, कारण घामानं भिजला होता. जॅकेट घातलं, माझ्या हातातली बॅटन घेतली आणि म्हणाला, "आता तुम्ही जावा की काका. मी बघतो."

त्याचं तोंड रस्त्याकडे झालंय, हात नीट आहे, हे बघितलं. मगच फुटपाथवर चढलो आणि वळलो. मूर्ती पुढं गेली होती. प्रभावळीची मागची बाजू दिसली, आणि एक कान. हात जोडले आणि परत आलो.

जॅकेट भिजत घातलंय. संध्याकाळी त्या मुलीच्या घरी प्रसाद घेऊन जायचं आहे. काल रात्री ती आईबरोबर आमच्या बोळावरून गेली. मी हात वर धरला होता, तिनं ओळखलं, थांबली. मी जा म्हटल्यावरच रस्ता ओलांडला.