बाईंच्या दोन बरण्या

प्रयोगशाळेच्या कपाटात दोन बरण्या शेजारी शेजारी असायच्या. एकीत घरातला उंदीर, दुसरीत जिन्याखाली मरून पडलेलं छोटं वटवाघूळ. फॉर्मॅलिनमध्ये दोघंही पिवळट पडलेली. आठवीत बाईंनी त्या टेबलावर ठेवून विचारलं, "यांच्यात जास्त कोण जगतं?" उंदीर अंगाने मोठा, म्हणून मी त्याचं नाव घेतलं.

उंदीर फार तर दोन-तीन वर्षं. वटवाघळांच्या काही जाती मात्र तीस वर्षांपुढे जातात. सायबेरियात कडी घातलेलं, जेमतेम ७ ग्रॅमचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं, हे मी पुष्कळ पुढे वाचलं.

बाई बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहायच्या. म्हणाल्या, "पुढच्या पावसाळ्यात पडणारच अशा वाड्याला कुणी रंग देतं का गं?" उंदराला मांजर, साप, घुबड टपलेलं. मग शरीराच्या डागडुजीवर खर्च कशाला? भराभर पिल्लं घालावीत. वटवाघूळ रात्री उडतं, दिवसा फटीत दडतं. त्याला मारणारे कमी, म्हणून त्याची डागडुजी वसूल होते. वर्षाला एखाद-दुसरंच पिल्लू झालं तरी भागतं.

त्या संध्याकाळी काळा घोड्याच्या पुलावर मी कितीतरी वेळ थांबले. खाली विश्वामित्री नदीच्या काठावर मगर पडली होती. तिची बहुतेक पिल्लं कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. पण एकदा धूड वाढलं की हात लावणारं कोण? मगरी इतकी वर्षं का जगतात, ते मला तिथे उमगलं.

पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतलं. म्हातारपण का येतं यावर मेडावर हे जीवशास्त्रज्ञ १९५२ मध्ये आणि विल्यम्स १९५७ मध्ये काय म्हणाले ते वाचताना बाईंचाच आवाज ऐकू यायचा. जी खोट पिल्लं होऊन गेल्यावर उपटते, ती निसर्गाच्या निवडीच्या चाळणीत अडकतच नाही!

बाई निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्याकडे ऑस्टॅड या जीवशास्त्रज्ञाचा १९९३ चा शोधनिबंध घेऊन गेले. अमेरिकेतल्या सॅपेलो बेटावर शिकारी प्राणी फारसे नाहीत. तिथल्या ओपॉसम या पिशवीवाल्या प्राण्याच्या शेपटीतले तंतू मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा सावकाश जून होतात, माद्या जगतातही जास्त. बाईंनी चष्मा पुसला आणि एकच विचारलं, "पिल्लं किती होतात एका वेळी?"

"मुख्य भूमीपेक्षा कमी, बाई."

"हं. मग बरोबर," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.